'मेडल' : पिंक फ्लॉइड आणि नव्वदच्या कॅसेटवर न मावलेला शेवट

पेठकरी

परवा माळा आवरताना बुटांच्या खोक्यात कॅसेटी सापडल्या. एकीच्या पाठीवर माझ्या कॉलेजातल्या तिरक्या अक्षरात 'मेडल', आणि खाली बाबांच्या टपोऱ्या अक्षरात 'भीमसेन – शुद्ध कल्याण'. तिच्यामुळेच हा धागा काढतोय.

१९९१ ची गोष्ट. मित्राच्या दादाने बाहेरून पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडची 'मेडल' ही एलपी आणली होती. ती कॅसेटवर उतरवून घ्यायची तर कोरी कॅसेट हवी, आणि पैसे बाबांकडे. त्यांची अट : नव्वदची घ्यायची, एक बाजू तुझ्या गोंगाटाची, एक माझी. कबूल. लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीतल्या दुकानात एलपी आणि कॅसेट दिली, चार दिवसांनी घेऊन आलो. आता हिशेब बघा. नव्वदच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची, अल्बम ४६ मिनिटं आणि वर पाऊण मिनिट. दुकानदार काही बोलला नाही, मला विचारायची अक्कल नव्हती.

घरच्या डेकला ऑटो-रिव्हर्स होतं. शेवटच्या 'एकोज'चं तिसरं कडवं व्हायचं, मग गिटार आणि कीबोर्ड एकमेकांशी हळू आवाजात बोलत विरत जायचे, आणि एकविसाव्या-बाविसाव्या मिनिटाला टक्, खर्रर्र, की दुसऱ्या बाजूने तंबोरा सुरू. पुढे भीमसेनांचा षड्ज. सात-आठ वर्षं मी असंच ऐकलं. गाणं तिथेच विरून संपतं अशी माझी ठाम समजूत होती. नोकरी लागल्यावर मुंबईला ऱ्हिदम हाऊसमधून सीडी घेतली, रात्री लावली, आणि काउंटर बावीस मिनिटांच्या पुढे पळतच राहिला. खालून एक आवाज उठला. माणसांचा म्हणावा तर माणसांचा नाही, वाऱ्याचा म्हणावा तर वाऱ्याचा नाही. वर चढतोय, चढतोय, आणि चढायचा थांबतच नाही. मी अंथरुणात उठून बसलो.

ज्यांना अल्बम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. सिड बॅरेट १९६८ मध्ये बँडमधून गेला. गाणी लिहिणारा तोच होता. डोक्यावरचा ताबा सुटत गेला आणि बाकीच्यांनी त्याला एका कार्यक्रमाला न्यायचंच टाळलं, मग पुढे न्यायचं बंदच केलं. नंतरची तीन वर्षं उरलेले चौघे, म्हणजे बेसवाला रॉजर वॉटर्स, गिटारवाला डेव्हिड गिल्मोर, कीबोर्डवाला रिक राइट आणि ड्रमवाला निक मेसन, चाचपडत होते. १९७० चा अल्बम त्यांनी ब्रास (पितळी वाद्यं) आणि कॉयर (गायकवृंद) घालून केला, इंग्लंडात तो पहिल्या नंबरावर गेला, आणि पुढे स्वतःच त्याला नावं ठेवत राहिले. जानेवारी १९७१ मध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या ॲबी रोड स्टुडिओत शिरले तेव्हा हातात एकही गाणं नव्हतं. मग त्यांनी एक उद्योग केला. प्रत्येकाने वेगळ्या ट्रॅकवर वाजवायचं, दुसऱ्याने काय वाजवलंय ते न ऐकता. पहिली दोन मिनिटं हळुवार, पुढची दोन जोरात, एवढंच ठरवायचं. या तुकड्यांना नाव दिलं 'नथिंग'. 'नथिंग' एक ते चोवीस. बहुतेक खरंच नथिंग निघाले. एका तुकड्यात मात्र रिक राइटने पियानोवर एकच उंच स्वर वाजवला होता, पाण्याचा थेंब पडावा तसा. त्या थेंबातून साडेतेवीस मिनिटांचं 'एकोज' उभं राहिलं.

माझं म्हणणं एवढंच की फ्लॉइड खऱ्या अर्थाने इथे सुरू होतात. चंद्राच्या अंधाऱ्या बाजूवाला अल्बम सगळ्यांना ठाऊक असतो, पण तो ज्या घरात जन्मला ते घर हे. कुणाकुणाचे काय अनुभव?

कोपऱ्यातला_स्पीकर

धागा झकास, कॅसेटचा किस्सा तर लाजवाब. पण पेठकरी, तुम्ही एक बाजूच ऐकवलीत. एलपीच्या पहिल्या बाजूचं काय? 'एकोज'साठी अख्खा अल्बम डोक्यावर घेतात लोक. 'सॅन ट्रोपे' हे समुद्रकिनारी आळसावलेल्या माणसाचं गाणं, छान आहे, पण फ्लॉइडचंच कशाला हवं? आणि 'शेमस' म्हणजे कुत्रा दोन मिनिटं भुंकतो. बस. मला तर ही बाजू भरतीचीच वाटते.

फेडर_वर

भरतीची? 'वन ऑफ दीज डेज' पहिल्याच बाजूवर आहे हो! हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला वारा, मग बेस. एक नाही, दोन. एक वॉटर्सचा, एक गिल्मोरचा. एक या कानात, दुसरा त्या. एकाच्या तारा जुन्या होत्या म्हणून त्याचा आवाज मळकट येतो. गिल्मोरने सांगितलंय की नव्या तारा आणायला माणूस पाठवला तर तो मैत्रिणीकडे जाऊन बसला. आला तेव्हा काम उरकलं होतं.

हे दोन बेस धडधडतात ते बिन्सन एकोरेक नावाच्या यंत्रामुळे. इटालियन यंत्र. तेव्हाची बहुतेक एको मशीन टेपवर चालायची. याच्यात टेपऐवजी चुंबकीय चकती गरगर फिरते आणि कडेला ठराविक अंतरावर हेड बसवलेले. आपण एकदा तार छेडायची, यंत्र ती तालात तीन-चारदा परत फेकतं. म्हणजे वाजवणाऱ्याला यंत्राचा ताल धरून वाजवावं लागतं. मी लाइव्ह साउंड करतो, डिजिटल डिले रोजचाच. पण त्या यंत्राचा आवाज प्रत्येक फेरीला थोडा झिजतो, थोडा कलतो. तो कललेलेपणा आजही लोक सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम घालतात.

मध्येच जी धमकी ऐकू येते, 'एक दिवस तुझे बारीक तुकडे करीन' अशा अर्थाची, तो आवाज मेसनचा. अख्ख्या अल्बममध्ये त्याचं तेवढं एकच वाक्य, आणि तेही बारीक आवाजात बोलून, टेपचा वेग कमी करून राक्षसी केलेलं.

अर्धा_कप

'एकोज'चा तो पहिला थेंब… आमच्या घरी लावलं की आजी आतून ओरडायची, "मोरीतला नळ नीट बंद करा रे!" दर वेळी. शेवटी एकदा स्वतः उठून बघून आली आणि म्हणाली, "नळ बंद आहे तरी टपकतोय, वायसर गेलाय." प्लंबर येऊन गेला हो. खोटं नाही सांगत.

फेडर_वर

@अर्धा_कप, आजींना दंडवत. तो थेंब पुन्हा करायला बँडलाही जमला नाही! पियानोचा स्वर मायक्रोफोनमधून लेझली स्पीकरला दिलेला. लेझली म्हणजे ज्याच्या आतला भोंगा गोल फिरतो तो लाकडी कपाटासारखा स्पीकर, ऑर्गनवाले वापरतात. पियानो आणि त्या फिरत्या भोंग्यात जी काही गुंज जमून आली ती नंतर कितीही वाजवून परत येईना, म्हणून नमुन्याच्या टेपवरचाच तुकडा कापून पक्क्या रेकॉर्डिंगला जोडला. तुम्ही ऐकता तो थेंब मूळचा कच्चा खर्डा आहे.

आणि पेठकरींच्या हरवलेल्या शेवटाबद्दल. खोलीच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत दोन टेपरेकॉर्डर ठेवले. एकावर गाण्यातल्या सुरावटी वाजवायच्या, त्या दुसऱ्याने टिपायच्या आणि टिपता टिपताच परत वाजवायच्या, ते पुन्हा पहिल्यात. आवाज आवाजाच्या अंगावर चढत जातो. थर इतके होतात की कुठला वर चाललाय, कुठला खालून नव्याने आलाय, कानाला कळत नाही. म्हणून 'चढायचा थांबत नाही' असं वाटतं. तुम्ही अंथरुणात उठून बसलात त्याचं कारण हे.

गंधार_कोमल

मी शास्त्रीय गाते, त्यामुळे माझं कुतूहल भलतीकडेच गेलं. पेठकरी, तुम्हाला तो जोड कधी खटकला नाही, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. त्याला कारण असू शकेल. 'एकोज' सी शार्प मायनरमध्ये आहे, म्हणजे आपली काळी एक. पुरुष गायकांची नेहमीची पट्टी तीच किंवा तिच्या आगेमागे. म्हणजे टक् झाल्यावर जो तंबोरा लागायचा तो बहुधा त्याच षड्जाच्या जवळपास. कानाने निमूट मान्य केलं असणार.

पण पुढे फसगत आहे. मायनर म्हणजे कोमल गंधार, आणि शुद्ध कल्याणात गंधार शुद्ध. पंडितजींनी पहिला गंधार लावला की तुमचं 'एकोज' घराबाहेर!

आता एक तक्रार. इथे कुणीतरी लवकरच लिहील की 'एकोज' म्हणजे पाश्चात्त्यांची आलापी. कृपा करून नको. आलापात एकेका स्वराची जागा सिद्ध करत राग उलगडतो. इथे राग नाही, चार-पाच वेगवेगळे प्रदेश आहेत आणि आपण एकातून दुसऱ्यात चालत जातो. सात मिनिटांनी तो ठेक्याचा भाग येतो, त्याचा आधीच्या कडव्याशी रागदारीच्या अर्थाने काही संबंध नाही. आवडायला त्याला आपल्या चौकटीत बसवायची गरज नाही. मला ते दोन गळे आवडतात, राइट आणि गिल्मोर एकत्र गातात ते. कोण कुठला हे ओळखू येत नाही, आणि शब्दही तेच सांगतात : रस्त्यात दोन परक्यांची नजरानजर होते आणि 'मी म्हणजे तू' असं काहीतरी कळून जातं.

कोपऱ्यातला_स्पीकर

गंधारताई, मी नेमकं आलापीचंच टाइप करत होतो. खोडलं. :)

रात्रपाळी

शब्दांवरून आठवलं. सुरुवातीला जेव्हा ते मंचावर हे वाजवायचे तेव्हा गाण्याचं नाव 'रिटर्न ऑफ द सन ऑफ नथिंग' होतं आणि पहिल्या कडव्यात दोन ग्रह समोरासमोर येतात असं होतं. मग वॉटर्सला वाटलं, हे लोक आपल्याला कायमचे 'अंतराळवाले' ठरवतील. ग्रह काढले, समुद्र आणला. अल्बट्रॉस पक्षी हवेत निश्चल तरंगतोय, खाली लाटा. चांगलं केलं. ग्रहांचं गाणं आज जुनं वाटलं असतं.

मठ्ठ_मुलगा

एक बाळबोध प्रश्न. हे सगळं गांजा-एलएसडी घेऊन ऐकायचंच संगीत ना? सायकेडेलिक म्हणतात ते याचसाठी?

रात्रपाळी

@मठ्ठ_मुलगा, शब्द तिथूनच आला, नाकारण्यात अर्थ नाही. १९६६ च्या डिसेंबरात लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडवर यूएफओ क्लब सुरू झाला. भिंतींवर रंगीत तेलाचे ओघळ प्रोजेक्टरने फिरतायत आणि पुढे फ्लॉइड अर्धा-अर्धा तास एकच गाणं ताणतायत, तो जमाना. पण त्याची किंमत सिडने भरली. 'मेडल' होईपर्यंत हे चौघे तासन् तास टेप कापत-चिकटवत बसणारे कामकरी झाले होते. एकोणीसशे एकाहत्तरमध्ये कार्यक्रमांच्या मधल्या फटींत अल्बम केला, तीन स्टुडिओंत. ईएमआयकडे तेव्हा आठ ट्रॅकचं मशीन, म्हणून सोळा ट्रॅकसाठी बीटल्सच्या निर्मात्याच्या, जॉर्ज मार्टिनच्या, एअर स्टुडिओत आणि मॉर्गनमध्ये गेले. एवढी ये-जा नशेत होत नाही, बाळा.

अर्धा_कप

त्यांचे कार्यक्रम मात्र नशेतलेच वाटायचे. मे १९७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत, मंचापुढच्या तळ्यातून हवा भरलेला अवाढव्य ऑक्टोपस वर काढला. आवाजाने म्हणा, धुराने म्हणा, तळ्यातले मासे मेले असं सांगतात. बिचारे. अल्बट्रॉसवर कविता आणि माशांची ही गत.

दोन_स्पूल

फ्लॉइडच्या सिनेमाबद्दल कुणीच कसं बोललं नाही? 'लाइव्ह ॲट पॉम्पेई'!

दिग्दर्शक एड्रियन मेबेन सुट्टीवर इटलीत असताना पॉम्पेईच्या भग्न रंगमंडलात पासपोर्ट विसरला. संध्याकाळी शोधायला परत गेला तर तिथे चिटपाखरू नाही, नुसती शांतता आणि वटवाघळं. तिथे त्याला सुचलं की या बँडला इथे आणायचं आणि प्रेक्षक अजिबात ठेवायचे नाहीत. तेव्हा रॉक कॉन्सर्टचे सिनेमे म्हणजे गर्दी, चिखल, नाचणाऱ्या पोरी. याने गर्दीच काढून टाकली. ऑक्टोबर १९७१, अल्बम बाजारात यायच्या महिनाभर आधी. सगळं सामान ट्रकने पोचलं आणि वीजच पुरेना. शेवटी गावातून लांबलचक केबल ओढून आणली, त्यात दिवस वाया गेले. म्हणून तिथे प्रत्यक्षात तीनच गाणी झाली, बाकीची नंतर पॅरिसच्या स्टुडिओत.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो मित्राच्या खोलीवर, घासलेल्या व्हीसीडीवर. 'वन ऑफ दीज डेज'मध्ये जवळजवळ फक्त निक मेसनच दिसतो. मला वाटलं काय धाडसी दिग्दर्शन! नंतर कळलं की बाकीच्यांच्या चित्रीकरणाची रिळं हरवली होती. आणि त्याच गाण्यात बघा : वाजवता वाजवता मेसनच्या हातातली काठी उडते. चेहऱ्यावर रेषही हलत नाही. एका हाताने ठेका चालू, दुसऱ्याने नवी काठी उचलतो, पुढे चालू. तबलजी मित्राला हे दाखवलं तर तो म्हणाला, "मला फक्त एवढंच परत लाव." सहा वेळा लावलं.

कोपऱ्यातला_स्पीकर

आणि 'शेमस'चं काय, विचारतोय मी. कुत्र्याची बाजू कोण घेणार?

दोन_स्पूल

मी घेतो. शेमस हा स्टीव्ह मॅरियटचा कुत्रा, 'हम्बल पाय' बँडवाला. गिल्मोर त्याला सांभाळायला घेऊन आला होता. माउथ ऑर्गन वाजला की तो गळा काढायचा, तेच रेकॉर्ड केलं. पॅरिसच्या शूटिंगला दुसरी कुत्री आणली, तिचं नाव नॉब्ज, राइट तिच्यापुढे मायक्रोफोन धरून बसलाय आणि ती मन लावून गातेय. कुठलाही विनोद समजावून सांगू नये, पण हे लोक फार गंभीर आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी हा तुकडा पाहावा.

गंधार_कोमल

पहिल्या बाजूवरचं 'फिअरलेस' सुटतंय. खुल्या तारांचं ट्यूनिंग आहे त्यात, ते वॉटर्सला सिडने शिकवलेलं. गेलेल्या मित्राने शिकवलेली एक गोष्ट तशीच वापरलीय, नाव न घेता. आणि शेवटी लिव्हरपूलच्या फुटबॉल मैदानावरचे हजारो लोक गातात ते मिसळलंय. वॉटर्स स्वतः आर्सेनल या दुसऱ्या क्लबचा पाठीराखा! 'अ पिलो ऑफ विंड्स' हे नाव माजाँग या चिनी सोंगट्यांच्या खेळातलं. मला ही दोन्ही गाणी कुणी भरती म्हटलेली चालणार नाहीत.

मठ्ठ_मुलगा

नावाचा अर्थ काय पण? मेडल म्हणजे पदक?

रात्रपाळी

दोन्ही. पदकही आणि लुडबूडही, इंग्रजीत उच्चार सारखाच. मराठीत लिहिलं की स्पेलिंगचा प्रश्नच मिटला. मुखपृष्ठही तसंच, काय आहे ते कळत नाही. पाण्याखालचा कान आहे तो, वर तरंग. कव्हर उलगडून पुढची-मागची बाजू एकत्र पाहिली तर कान दिसतो. मुखपृष्ठं करणाऱ्या हिप्नोसिस कंपनीच्या स्टॉर्म थॉर्गरसनला बबून माकडाचा पार्श्वभाग हवा होता! बँडने जपानच्या दौऱ्यावरून फोन करून कान मागितला. थॉर्गरसनला हे कव्हर कधीच आवडलं नाही. खरं सांगू, मलाही नाही. कॅसेटच्या आकारात तर शेवाळलेली भिंतच वाटायची.

टेम्सकाठची_माय

उशिरा येतेय. लंडनजवळ स्लावला राहते, मूळ सातारा. १८ फेब्रुवारी २००७ ला वॉटर्स मुंबईत एमएमआरडीए मैदानावर आला होता तेव्हा मी तिथे होते. 'डार्क साइड' पूर्ण वाजवला, पण 'एकोज' नाही. होणारही नव्हतं, ते गाणं राइट आणि गिल्मोरच्या गळ्यांचं.

गिल्मोरने २००६ च्या दौऱ्यात राइटला बरोबर घेऊन ते वाजवलं. ऑगस्टात पोलंडच्या ग्दान्स्कला झालेल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आहे, शेवटी दोघं एकमेकांना उत्तरं देत बसलेत. राइट १५ सप्टेंबर २००८ ला गेला. त्यानंतर गिल्मोरने ते मंचावर घेतलं नाही. २०१६ मध्ये तो पॉम्पेईच्या त्याच रंगमंडलात वाजवायला गेला, या वेळी प्रेक्षकांसमोर, तरी नाही.

मग २०२२ मध्ये निक मेसनने आपल्या नव्या बँडबरोबर ते बाहेर काढलं. मी इथेच ऐकलं. माझ्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ होते, पूर्ण वेळ ताठ बसलेले. पहिला थेंब पडला तसा त्यांनी बायकोचा हात धरला तो साडेतेवीस मिनिटांनी सोडला. मध्ये ते कावळ्यांचं आणि किंचाळ्यांचं आहे ना, ते गिटारच आहे बरं का, वाह-वाह पेडलला (पायाने दाबून गिटारचा आवाज बदलायचं यंत्र) वायरी उलट्या जोडून काढलेलं. तिथे माझी लेक कानात म्हणाली, "आई, घाबरू नको, परत येतो तो थेंब."

फेडर_वर

टेम्सताई, अंगावर काटा. पेठकरी, तुम्ही धागा काढून कुठे गेलात?

पेठकरी

इथेच आहे, डेक दुरुस्त करत होतो. पट्टा वितळून काळा डांबर झाला होता, तो तपकीर गल्लीत मिळाला.

कोपऱ्यातला_स्पीकर, 'सॅन ट्रोपे'वर मी तुमच्या बाजूने, 'फिअरलेस'वर गंधारताईंच्या. गंधारताई, काळी एकचं लिहिलंत ते वाचून काल रात्री मुद्दाम कॅसेट लावली. आवाज जरा लोळतोय, पट्टा नवा आहे. तिसरं कडवं झालं, दोघे विरायला लागले, टक्, खर्रर्र, तंबोरा. पट्टी अगदी एक नाही, भीमसेन किंचित खाली लागतायत, पण मला माहीत नसतं तर कळलं नसतं. शुद्ध गंधार आला तेव्हा तुमची आठवण झाली.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. 'एकोज' चालू असताना ते पेपर वाचायचे आणि किंचाळ्या सुरू झाल्या की चष्म्यावरून बघून म्हणायचे, "कुणाचं पोट बिघडलंय?" दर वेळी तेच. काल तो भाग आला तेव्हा बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "कुणाचं पोट बिघडलंय?" तिला हे मी कधी सांगितलं होतं ते आठवत नाही.

सीडीवर ऐकताना अजूनही एकविसाव्या मिनिटाला मी टक् ची वाट बघतो.